नऊ नंबरची पाळी

पलूसला जायला मी पिशवी भरत होते आणि मंगलचा फोन आला. "ताई गेली... पहाटं." ताई म्हणजे तिची थोरली बहीण सुलोचना, माझी नर्सिंगची मैत्रीण. महिना झाला त्याला. लेख लिहायला बसले, पण रडका लिहिला तर ती वरूनही झापेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडिलांना मिलिटरीतून सुटल्यावर सांगलीत नोकरी लागली आणि मला दुसऱ्या वर्षाच्या मध्यात साताऱ्याचं नर्सिंग सोडून सांगलीच्या वर्गात यावं लागलं. नाटकात कामं केलेली मी, एंट्री दणक्यात घ्यायची ठरवून आले होते. पहिल्याच सकाळी हजेरीत सिस्टरनं "नऊ" पुकारलं आणि मी खणखणीत आवाजात "प्रेझेंट, सिस्टर!" म्हटलं. सगळा वर्ग मागं वळला. कुणीही हसलं नाही. दहा नंबरची मुलगी तर हजेरी द्यायचीच विसरली. ती सुलोचना.

मग पंधरा दिवस मी जेवायला बसले की शेजारचं ताट सरकायचं. माझ्या पलंगाला कुणी टेकायचं नाही. मला मिळालेल्या एप्रनवर नऊचा आकडा होता, धुऊन धुऊन फिकटलेला... म्हणजे तो माझ्याआधी कुणीतरी घातला होता. इंजेक्शनचा सराव आम्ही नंबरवार जोड्या करून एकमेकींवर करायचो. सुलोचनानं माझा दंड धरला, सुई उजेडात धरली आणि हळूच म्हणाली, "सातारकर, घरी जा. नऊ नंबर हितं जगत न्हाई."

"सुई टोचणार आहेस का नुसतीच भीती घालणार?"

तिनं टोचली. पण नंतर कापसाचा बोळा ती कितीतरी वेळ दाबून धरून बसली.

बाकीचं मला स्वयंपाकघरातल्या काकूंनी सांगितलं. नऊ नंबर विमलचा. घटसर्पाच्या वॉर्डात पाळी होती सुलोचनाची, पण गावाकडं जत्रा म्हणून तिनं विमलशी ड्युटी बदलून घेतली. जत्रेहून परतली तेव्हा विमल त्याच वॉर्डात खाटेवर होती. चार दिवसांत गेली.

पुढच्याच सोमवारी फळ्यावर यादी लागली. घटसर्पाचा वॉर्ड, दोन आठवडे आतच मुक्काम, नऊ नंबर. खरं सांगते, माझा घसा तिथंच दुखायला लागला. सुलोचना उभी राहिली. "सिस्टर, हिच्याऐवजी मी जाते."

"काही गरज नाही," मी म्हटलं. "पाळी माझी आहे." शौर्य वगैरे काही नव्हतं हो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा सगळ्या माझं बोलणं ऐकत होत्या, ती संधी कोण सोडतंय!

वॉर्डात गेल्यावर मात्र फुशारकी उतरली. पोरांचा तो घरघरणारा श्वास अजून कानात आहे. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या काचेवर टकटक झाली. सुलोचना, हातात बॅटरी. "आ कर. आजून. जीभ दाब खाली." मी तोंड वासून उभी, ती बाहेरून उजेड पाडून घसा बघतेय. रोज दोनदा. चौथ्या दिवशी तिच्यामागं आठ नंबर आली, मग अकरा, बारा. दहाव्या दिवशी अख्खा वर्ग माझा घसा बघायला रांगेत! सगळ्या तज्ज्ञ. "लाल दिसतोय गं." "पान खाल्लंस व्हय?" सुलोचना तेवढी हसायची नाही. पंधराव्या दिवशी मी धडधाकट बाहेर आले, तेव्हा ती व्हरांड्यातच खाली बसली आणि ढसाढसा रडली.

पुढं ती सिस्टर झाली. हाताखालच्या मुली ड्युटी बदलून मागायच्या आणि रडत परत जायच्या. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी पलूसला तिच्या घरी गेले होते. मंगल जागून दमलेली. तिला म्हटलं, "तू झोप, आज मी बसते." सुलोचनानं डोळे उघडले. "न्हाई. आज मंगलची पाळी हाय. तू उद्या ये." मी हसले आणि घरी परतायला साताऱ्याची एसटी धरली. त्याच पहाटं ती गेली... शेवटच्या क्षणी मी तिथं नव्हते, तिनंच राहू दिलं नाही.

काल माझी लेक म्हणाली, "आई, आज माझ्याऐवजी तू भांडी घास ना, उद्या मी घासते." एरवी मी उठले असते. "न्हाई," माझ्या तोंडून निघालं, "जिची पाळी तिनंच." पोरगी दचकून माझ्याकडं बघत राहिली. आमच्या घरात कुणी 'न्हाई' म्हणत नाही.