गालाला लावलेला सेल

दौंड स्टेशनबाहेर बॅटऱ्या दुरुस्त करणारा तो माणूस प्रत्येक सेल आधी गालाला लावायचा. सेल तापलेला, म्हणजे बिघडलेला निघाला, की भुवई उडवायचा. मी त्याला एकदाच भेटलो, आणि तेही आरोपी म्हणून!

माझी बायको शाळेत शिकवायची. गुडघा गेल्यावर तिची नोकरी टिकली ती इलेक्ट्रिक सायकलवर. तेव्हा आमच्या शिरूरला अशा सायकलचं मोठं नवल होतं. बॅटरीतले चार सेल मेले, तेव्हा जुन्या लॅपटॉपमधले चार मी थाटात जोडले. सायकल अर्ध्या वाटेत बसली. बॅटरी काढून घेऊन आम्ही दोघं एसटीनं दौंडला त्याच्याकडं गेलो.

"ही कारागिरी कुणाची?" बॅटरी उघडून त्यानं विचारलं.

बायकोनं लगेच माझ्याकडं बोट केलं.

"मामा, आमी मूळचे मेंढरंवाले," तो हसला. "लंगडी मेंढी कळपासंगं पळवली, तर आधी ती बसती, आन् तिच्यापायी कळप अडतो. सेलचं बी तसंच हाय. सगळे एका दमाचे पायजेत."

दुपारभर खपून त्यानं सगळे सेल एकाच जातीचे बसवले. बॅटरी काखोटीला मारून मी ऐटीत एसटीकडं निघालो. कोपऱ्यावर वळून पाहिलं, तर बायको वीस पावलं मागं, गुडघा धरून उभी.

तिच्यामागं दुकानाच्या दारात तो उभा होता. माझ्याकडं पाहून त्यानं भुवई उडवली.