धोटा क्लबाचे करारमदार

आमच्या क्लबात लोखंडी कपाट एकच आहे. वरच्या खणात तीन कप, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. खालचे तिन्ही खण करारांच्या कागदांनी भरलेत. नवीन माणसाला वाटतं, केवढा मोठा कारभार! मी मात्र ते कपाट उघडायचं टाळतो. एक कागद काढला की त्याच्यामागून दोन-तीन माणसं भांडत बाहेर येतात, आणि मग चहा सांगावा लागतो. आज सांगितलाच आहे, तर ऐका.

मी नागपुरात कोर्टासमोर झाडाखाली बसून प्रतिज्ञापत्रं टाइप करणारा माणूस. आधी मशीन होतं, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. क्लबात मला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणतात आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. क्लबाचं नाव धोटा स्पोर्टिंग. हातमागावर लुगडी विणणाऱ्या आमच्या बापजाद्यांनी काढलेला क्लब, म्हणून मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचं नाव. माग गेले, विणकरांची पोरं रिक्षा, दुकान, नोकरी अशी पांगली, पण क्लब जागेवर आहे. पैसा तेव्हाही नव्हता.

*

पगार म्हणून आम्ही अंडी द्यायचो. सकाळच्या प्रॅक्टिसनंतर प्रत्येक खेळाडूला दोन उकडलेली अंडी आणि ग्लासभर दूध.

आमचा गोलकीपर बबलू याला पलीकडच्या मोहल्ल्यातल्या क्लबानं चार अंड्यांची ऑफर दिली आणि तो गेला. आमचे कोच नामदेवभाऊ तोंड पाडून बसले. “दोन अंड्यासाठी गेला गा,” एवढंच दिवसभर म्हणत राहिले.

दहाव्या दिवशी बबलू सकाळी सहाला आपला ग्लास घेऊन आमच्या रांगेत उभा. भाऊंनी विचारलं, “काहून, चार अंडे पचले नाही का?”

“भाऊ, तिथं मॅच जिंकली तरच अंडे भेटते,” बबलू म्हणाला. “म्या तीन मॅचमंदी अकरा गोल खाल्ले, अंडं एकबी नाही. इथं गोल खाल्ला तरी अंडं भेटते.”

तेव्हापासून भाऊ प्रत्येक नव्या खेळाडूला छाती काढून सांगतात की आमच्याकडे फिक्स आहे.

*

रोशन आला खाप्याहून. एकोणीस वर्षांचा, डाव्या पायाचा, आणि असा पळणारा की आमचा लाइन्समन त्याच्यासोबत ऑफसाइड बघायला पळायचा तो मागेच राहायचा. गावच्या एका टुर्नामेंटमध्ये भाऊंनी त्याला हेरला आणि बोलणी करायला क्लबात बोलावलं. रोशनसोबत त्याची आई आली. कुसुमबाई. आधी माग चालवायच्या, आता शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. त्या खुर्चीवर बसल्या आणि रोशनला बाहेर थांबायला सांगितलं.

भाऊंनी सुरुवात केली. क्लबाचा इतिहास, दोन कप, कपाचा कान कसा तुटला, कोणकोण इथून पुढे गेलं. वीस मिनिटं तरी बोलले असतील. कुसुमबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“भाऊ, एवढं सांगून राहिले म्हंजे पगार कमीच असंल.”

मी प्रिंटरमध्ये कागद आहे का ते बघू लागलो.

“कमी तं कमी,” त्या म्हणाल्या. “पन दर मॅचले खेळवा. याले कलकत्त्याच्या क्लबात खेळतांना पाह्याचं हाय मले. बावीस-तेवीसच्या आत उचलला नाही तं मंग कोनी उचलत नाही, असं हा सोताच सांगते.”

मी आयुष्यात बरेच वकील जवळून पाहिलेत. एवढ्या कमी शब्दांत आपल्या अशिलाचं म्हणणं मांडणारा अजून पाहिला नाही.

*

त्याच वर्षी फुटबॉल संघटनेनं फर्मान काढलं की खेळाडूशी लेखी करार करा, नाहीतर नाव नोंदवणार नाही. भाऊ म्हणाले, “वकीलसाहेब, तुमचंच काम.”

माझ्या लॅपटॉपमध्ये फुटबॉलचा करार कुठून असणार? घरभाड्याचा होता. मी ‘भाडेकरू’ खोडून ‘खेळाडू’ केलं, ‘घरमालक’ खोडून ‘क्लब’ केलं आणि अर्ध्या तासात रोशनचा करारनामा तयार झाला.

भाऊ चष्मा लावून वाचायला बसले. “हे काय गा? ‘खेळाडूने भिंतीला खिळे ठोकू नयेत’?”

“फॉर्मॅट आहे, भाऊ.”

“आन् ‘सोडून जाताना चुना मारून द्यावा’?”

“तेही फॉर्मॅटच आहे.”

सह्या झाल्या, शिक्का बसला, संघटनेनं फाइलला लावून घेतला. कोणी वाचला नाही म्हणून मी सुखात होतो. रोशननं त्या वर्षी चौदा गोल केले आणि लोक आमच्या मॅचला यायला लागले.

आता फुटबॉलची एक साधी गोष्ट आहे. करार चालू असताना दुसऱ्या क्लबाला तुमचा खेळाडू हवा असेल, तर त्याला आधी तुमच्याशी बोलावं लागतं, पैसे मोजावे लागतात. करार संपला की खेळाडू मोकळा, तुम्ही नुसते बघत बसा. आणि घरभाड्याचा करार किती महिन्यांचा असतो, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंना क्लब बदलायची मुदत, उघडली तेव्हा आमचा करार संपून आठ दिवस झाले होते. कळमेश्वरच्या एका कारखान्याची टीम आली आणि रोशनला तीन वर्षांसाठी घेऊन गेली. आम्हाला एक नवा पैसा मिळाला नाही.

“बारावा महिना कुठं गेला, वकीलसाहेब?” भाऊंनी विचारलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळ्यांना सांगितलं की मी वकील नाही.

*

कारखान्यानं रोशनला पगार दिला तो त्यांच्या कॅप्टनपेक्षा जास्त. ही गोष्ट आठ दिवस गुप्त राहिली. नवव्या दिवशी कोणीतरी व्हॉट्सॲपवर पगाराच्या चिठ्ठीचा फोटो टाकला.

त्यानंतरची पहिली मॅच बघायला मी आणि भाऊ मुद्दाम गेलो होतो. रोशन डाव्या बाजूला हात वर करून उभा, आणि बॉल उजव्या बाजूलाच खेळला जातोय. पूर्ण हाफ असाच गेला. लाइनीवर चहा विकणाऱ्यानं शेवटी त्याला विचारलं, “भाऊ, तुम्ही खेळून राहिले का वाट पाहून राहिले?”

हाफटाइमला त्यांचा कोच कॅप्टनवर ओरडला, रोशनला पास का देत नाही म्हणून. कॅप्टननं पाण्याची बाटली शांतपणे बंद केली. “पगार त्याले जास्त हाय नं सर, मंग बॉल त्यानंच आनावा.”

पंधरा दिवसांत बाकीच्या दहा जणांनी पगारवाढ मागितली. मॅनेजरसाहेबांनी उपाय शोधला. दहा जणांचे पगार वाढवण्यापेक्षा एकाला बेंचवर बसवणं त्यांना स्वस्त वाटलं. रोशन तिथं पुढचं सगळं वर्ष बसला. मला फार वाईट वाटायचं, कारण त्या बाराव्या महिन्याची चूक माझी होती.

*

रोशन बावीसचा झाला. त्याला घ्यायला दोन क्लब तयार होते, पण पगाराचा आकडा ऐकला की दोघंही फोन ठेवायचे. कारखाना खेळवेना आणि एवढ्या पगाराला दुसरा कोणी घेईना.

कुसुमबाई एक दिवस खाप्याहून थेट माझ्या टेबलाशी आल्या. “चाला, कळमेश्वरले जाऊ.” मी अर्धवट टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र तसंच ठेवून उठलो.

मॅनेजरसाहेब पुण्याकडचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. कुसुमबाई म्हणाल्या, “साहेब, याले या सीझनपुरतं धोट्यात खेळू द्या. पगार अर्धाच द्या. बाकी अर्ध्याचं आम्ही पाहून घेऊ.”

साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की अर्धाच ना? मग त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला समोसेही मागवले. अर्धा पगार कारखाना देणार आणि राहणं-जेवण धोटा क्लब बघणार, असा कागद झाला. तो कागद मी नीट, स्वतःच्या डोक्यानं केला.

खाप्यात मात्र बोंब उठली. चालू पगार कोणी अर्धा करून घेतं का, असं जो तो विचारू लागला. कुसुमबाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. “तो पगार बसायचा होता, खेळायचा नोयता.”

*

मॅनेजरसाहेबांनी त्या कागदात एक ओळ स्वतः घालून घेतली होती. रोशन कारखान्याविरुद्धच्या मॅचमध्ये मैदानात उतरणार नाही. आणि सेमीफायनलला नेमका तोच सामना आला.

भाऊंनी रोशनला पूर्ण ड्रेस घालायला लावला. “लाइनीच्या बाहेर वॉर्मअप कर. थांबू नको.”

रोशन पहिल्या मिनिटापासून डाव्या लाइनीच्या बाहेर पळत राहिला. आमच्याकडे बॉल आला की तो पुढे धावायचा, बॉल गेला की मागे यायचा. कारखान्याचा उजवा बॅक वर्षभर प्रॅक्टिसमध्ये याच पोराला अडवत आलेला. सवयीचा माणूस, तो मैदानातून त्याच्याबरोबर पळायचा. त्यांचा कोच ओरडून ओरडून दमला, “तो खेळत नाहीये!” बॅक मान डोलवायचा आणि पुन्हा पळायचा.

सत्तराव्या मिनिटाला बॅक असाच कोपऱ्यापर्यंत रोशनच्या मागे गेला आणि त्याच्या मोकळ्या जागेतून आमच्या पोरानं आत शिरून गोल मारला. एक-शून्य.

मॅनेजरसाहेब कागद नाचवत आमच्या बाकड्याशी आले. भाऊ म्हणाले, “साहेब, उतरला का तो मैदानात? पळायची मनाई कुठं लिहिली हाय?”

मी कागद परत वाचून बघितला. नव्हती. त्या दिवशी मला पुन्हा सगळे वकीलसाहेब म्हणायला लागले.

*

फायनलमध्ये रोशन खऱ्या अर्थानं उतरला आणि दोन गोल मारले. कपाटात आता तीन कप आहेत. आणि त्या फायनलला कलकत्त्याच्या एका मोठ्या क्लबाची दोन माणसं बसली होती.

आठवडाभरात ते दोघं आमच्या क्लबात आले. विंडो बंद व्हायला चार दिवस उरले होते. पंखा फिरत होता, भाऊंनी संत्री सोलून ठेवली होती, रोशन दाराशी उभा होता. मॅनेजरसाहेब फाइल घेऊन आले आणि त्यांनी समोरच आकडा सांगितला. “करार अजून वर्षभर शिल्लक आहे. एवढे मिळाले तर सोडतो.”

कलकत्त्याचे दोघं एकमेकांकडे बघू लागले. त्यातला वयस्कर होता तो बॅगेची चेन लावत म्हणाला, “इतने में तो हमको दो प्लेयर मिल जाएगा.”

रोशननं मान खाली घातली. पुढच्या महिन्यात तो तेवीसचा होणार होता. एवढं जिंकून पोरगं परत त्याच बेंचवर जाणार, हे मला दिसायला लागलं.

आणखी एक गोष्ट मला खात होती. कारखान्यानं रोशनचा अर्धा पगारही गेले दोन महिने टाकला नव्हता. पोरगं नजरेआड, तर पैसे कशाला, असा त्यांचा हिशेब असावा. भाऊंनी कुसुमबाईंना चारदा सांगितलं होतं, तक्रार करा. त्या दर वेळी म्हणायच्या, “राहू द्या भाऊ, खेळून राहिला नं तो.” मला तो त्यांचा भोळेपणा वाटला होता.

कुसुमबाई कपाटाजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “वकीलसाहेब, संघटनेचं नियमाचं पुस्तक वाचा. सतरा नंबर.”

मी कपाट उघडून शोधायला लागलो. पुस्तक नव्हतं. ते त्यांनी आपल्या पिशवीतून काढून दिलं. एक पान दुमडलेलं होतं.

मी मोठ्यानं वाचलं. “ठरलेला पगार सलग दोन महिने न मिळाल्यास खेळाडू करारातून मुक्त झाला, असे समजावे.”

कुसुमबाईंनी पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं आणि टेबलावर संत्र्यांच्या शेजारी उघडून ठेवलं. कालच एंट्री मारून आणलं होतं.

मॅनेजरसाहेबांनी पासबुक पाहिलं, पुस्तक पाहिलं, परत पासबुक पाहिलं. कलकत्त्याच्या म्हाताऱ्यानं बॅगेची चेन हळूच उघडली.

“अहो बाई, अकाउंट्सवाल्यांकडून राहिलं असेल,” मॅनेजरसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. “दोन महिने पगार आला नाही, तर एक फोन करायचा. तेव्हाच का नाही सांगितलं?”

कुसुमबाईंनी पासबुक मिटून पिशवीत ठेवलं.

“सांगतलं असतं, तं तुम्ही देऊन टाकला असता.”