तिसऱ्या मजल्यावरची धपधप

लग्नानंतर पंधरवड्यात मी गाव सोडलं ते आल्याच्या ट्रकमधून. मागे पोती, पुढे केबिनमध्ये ड्रायव्हर, आमचे हे, आणि खिडकीशी पदर दातात धरून मी. हे वाशीच्या मार्केटात माथाडी. आई ट्रकपाशी उभी होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मोठ्या माणसांच्या वर बसायचं नाही. पाय वाजवायचा नाही."

गावात ते सोपं होतं, सगळेच जमिनीवर. नेरूळला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि बरोबर खाली थोरले मामंजी, म्हणजे माझे चुलत सासरे. सासऱ्याच्या डोक्यावर सुनेनं चालायचं कसं? तर ही शहाणी वर्षानुवर्षं घरात चवड्यांवर चालली. मामंजी बाहेर पडले की मगच मसाला कुटायला घ्यायची. त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. एकदा जिन्यात म्हणाले, "सूनबाई, घरात असता का नसता? चाहूलच लागत नाही." मला ते कौतुक वाटलं. महिनाभर मिरवत होते. बावळट, दुसरं काय.

आता मामंजी नाहीत, हेही नाहीत. गेल्या उन्हाळ्यात भाजीची पिशवी घेऊन वर येताना पहिल्या मजल्यावर टेकले ती उठताच येईना. शेजारणीनं हात दिला, आणि मला वर पोचवायच्या आधी माझ्या मुलाला फोन लावला. प्रकाश खारघरहून धावत आला.

"आई, इथं लिफ्ट नाही. गावी कसं, दार उघडलं की अंगण. दिवाळीनंतर तुला सोडतो, हा फ्लॅट भाड्यानं देऊ. तुला टेन्शन नको."

मला विचारलं कुणीच नाही. गाववाल्यांनो, तुम्ही तर माझी खोली झाडूनसुद्धा ठेवलीत. मेहेरबानी.

त्याच आठवड्यात माझी नात तन्वी एरोबिक्सचा स्टेप, म्हणजे व्यायामाला चढउतार करायचा प्लास्टिकचा पाट, घेऊन आली. तिनं हौसेनं आणलेला, तिच्या घरी त्यावर तुळशीची कुंडी होती. डॉक्टरांनी त्याची उंची कमीत कमी ठेवली तर चालेल म्हटलं.

"आजी, पूर्ण पाऊल वर टेकव, टाच बाहेर नको. एक हात भिंतीला. थोडा वेळ जोरात, मग थोडा वेळ हळू. याला इंटर्व्हल म्हणतात."

"तुझे आजोबा तेच करायचे. पोतं पाठीवर असलं की फळीवरून झपाझप ट्रकात, रिकामे परतताना रमतगमत. फक्त त्याला वेगळी पँट लागत नव्हती."

पँटही तिनंच दिली. पहिले काही दिवस मांड्या अशा थरथरायच्या की भिंतीला टेकून स्वतःलाच शिव्या द्यायची. फोनवरचा बीप मला आवडेना, म्हणून मी कुकर लावते. एका शिट्टीपासून दुसरीपर्यंत जोरात, पुढची होईपर्यंत हळू. डाळ लगेच शिजते, व्यायाम अर्धाच राहतो, त्यामुळे आमच्याकडे हल्ली हरभरे आणि राजमा फार. आणि हो, चांगली धपधप होते. खाली पेइंग गेस्ट पोरं राहतात. कानात बोंडं घालून असतात, तरी एकानं वर येऊन विचारलं, "काकी, वर काय तोडफोड चाललीय का?" म्हटलं, "नाही रे, मी चालतेय."

दिवाळी झाली. प्रकाश गाडी घेऊन आला तेव्हा मी मुद्दाम खाली भाजी घेत होते. माझ्या हातातली पिशवी त्यानं घेऊ पाहिली, मी दिली नाही. चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, फोन आल्यासारखं दाखवत. फोन वाजलाच नव्हता. वर येऊन मी कुलूप काढलं, पाणी प्याले, तोवर तो दारात पोचला.

"आई, गावी खोली तयार आहे गं," तो धापा टाकत म्हणाला.

"तू जा राहायला. तिथं जिना नाही, तुला बरं पडेल."

तो हसला नाही. खुर्चीत बसला, पाणी मागितलं, आणि पेला रिकामा करून म्हणाला, "भाडेकरूला नाही म्हणून कळवतो."

तेव्हा मंडळी, त्या खोलीत खुशाल कांदे साठवा. यात्रेला मी येईन, चार दिवस राहीन, तुमच्याशी भांडेन आणि माझ्या घरी परतेन. पूर्वी 'माझं घर' म्हणताना माझा हात आपोआप घाटाकडे, गावच्या दिशेनं जायचा. आता तो वर जातो, तिसऱ्या मजल्याकडे. ज्याला भेटायचंय त्यानं चढून यावं.