सौदा सोडायचा भाव

संत्र्याच्या बगीच्यातला माल झाडावर असतानाच विकत घ्यायचा, हा माझा वरूड भागातला धंदा. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. होती ती माझी जीभ. भाव पटला नाही की मी उठतो, चपला घालतो, गाडीला किक मारतो. बांध ओलांडायच्या आत मागून हाक येते, "अवो शेट, थांबा न जरासक!" मग सौदा माझ्या भावाने होतो. अमरावतीचं घर मी अशा हाकांवर बांधलं.

समोरचा शेवटी नमतोच, हा भरवसा मला क्रिप्टोत नडला. एक कॉईन घेतला, तो पडायला लागला. मला वाटलं, समोरचा नरमतोय. अजून पडला, अजून घेतला. पुढे तर रागाने घेतला, त्याची जिरवायला घेतला. पण स्क्रीनपलीकडे खाटेवर बसलेला शेतकरी नव्हता. हाक मारणारं कुणी नव्हतंच. दोन हंगामांची कमाई गेली आणि संत्री वाहायचा माझा ट्रक विकावा लागला.

यावर पहिल्यांदा बोलला तो बायकोचा मोठा भाऊ, अकोल्याचा वकील. भाचीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, भर पंगतीत: "जवाईबापूले नीट वाढा बरं. आजकाल जुगार खेळून राहिले ते." लोक हसले. मी ताटावरून उठलो. हरलो हे खरं होतं. जुगारी हे खोटं होतं, आणि ते मला अजून टोचतं.

घरी येऊन बायकोला म्हणालो, मी हे सोडणार नाही, शिकणार.

"शिका," ती म्हणाली. "पन नेम तुमीच करा अन् तुमीच पाळा. एक डाव जरी नेम मोडला, का माह्यासमोर ते अ‍ॅप काढून टाकाचं. मंग त्याचं नाव घ्याचं नाही."

नेम शोधायला लांब जावं लागलं नाही. बगीच्याला मी इसार, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, तो बुडाला तरी झोप उडणार नाही एवढाच. गारपीट झाली की इसार सोडतो आणि त्या रस्त्याने फिरकत नाही. अक्कल माझ्याकडे होतीच, मोबाईलवर वापरली नव्हती. आता एका सौद्यात इसाराएवढेच पैसे. घेतानाच सोडायचा भाव लावायचा, म्हणजे स्टॉप लॉस. तिथवर पडला की माल आपोआप विकला जातो. तो भाव खाली सरकवायचा नाही. आणि एकदा तोटा झाला की त्या दिवशी दुसरा सौदा नाही. ही शेवटची अट माझ्या डोक्यासाठी, कारण ते लवकर तापतं.

वर्षभर पाळलं. मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आम्ही अकोल्याला गेलो. वकिलाने चहा सांगितला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. "दाखवा न तुमचा बाजार."

दाखवला. कॉईनचा भाव मी लावलेल्या स्टॉप लॉसच्या रेषेच्या जरा वर होता. आमच्या डोळ्यांदेखत तो रेषेला लागला आणि माल विकला गेला. चहा येईपर्यंत तोच भाव उलटून मी घेतला होता त्याच्याही वर गेला.

वकिलाने मांडीवर थाप मारली. "अरे, एक कप चहापुरते तरी थांबाचं होतं, जवाईबापू! घ्या, घ्या परत. का भेले?"

माझे कान तापले. अंगठा बटणाच्या वर होता. दारात बायको डोळ्याच्या थेंबांची बाटली घेऊन उभी होती. तिने ना मान हलवली, ना डोळे.

मी मोबाईल पालथा ठेवला. "वकीलसाहेब, ज्या दिवशी भ्याचं होतं त्या दिवशी भेलो नाही, म्हनून ट्रक गेला. आजचं झालं."

तो हसतच राहिला. चहा मी शांतपणे संपवला. एवढा शांत मी आजवर कुठल्याही सौद्यात राहिलो नव्हतो, आणि त्या दिवशी माझा तोटा झाला होता.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "काय झालं वं बाई?"

"काही नाही, माय. तुह्या जवायानं नेम पाळला."

"मंग तुहा भाऊ काहून हसून राहिला?"

"त्याले समजलं नाही," बायको म्हणाली. "डोळा उघड, थेंब टाकू दे."

जुगारी हा शब्द वकिलाने अजून मागे घेतलेला नाही. त्यासाठी मात्र मी थांबणार आहे. तिथे समोर माणूस आहे.