बिराजदार बाईंनी थांबवलेली आवृत्ती

बिराजदार बाईंची आणि माझी पहिली भेट मुरुमच्या त्यांच्या शाळेत, संगणकाच्या खोलीत झाली. मी जळकोटचा शिक्षक. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर अंध मुलांना मराठीत वाचून दाखवणारा एक प्रोग्राम आहे. तो कुणालाही मोफत मिळतो, कुणालाही उघडून दुरुस्त करता येतो आणि ठिकठिकाणची माणसं हौसेनं तो घडवतात. त्याची नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती वापरून पाहायची आणि सापडलेल्या चुका कळवायच्या, या कामासाठी बाईंनी आम्हा काही शिक्षकांना गोळा केलं होतं. मी थोडा वेळ इकडची तिकडची बटणं दाबली आणि ऐटीत म्हणालो, "सगळं व्यवस्थित आहे, बाई."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय काय करून बघितलंत?"

"बटणं दाबली," मी म्हणालो. "मग व्यवस्थित आहे हे कळलं कसं?" असं म्हणत त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला आणि मला पुन्हा पहिल्यापासून बसवलं. त्या दिवसापासून मी त्यांचा सहकारी कमी आणि विद्यार्थी जास्त झालो.

बाईंची हयात गणित शिकवण्यात गेली. तीच शिस्त त्यांनी या कामात आणली. नुसतं "चालत नाही" असं लिहून नेलं की कागद परत मिळे. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, एवढं सांगितल्याशिवाय त्या पुढं ऐकूनच घेत नसत. एकदा प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी एका तरुणानं "आमच्याकडं असं होत नाही" असं तोडून टाकणारं उत्तर पाठवलं. आमच्यातले दोघं-तिघं तावातावानं लिहायला निघाले. बाईंनी त्यांना थांबवलं आणि त्या तरुणाला पुन्हा सगळ्या पायऱ्या लिहून, सोबत आवाजाचं ध्वनिमुद्रण जोडून पाठवलं. शेवटी लिहिलं, "आपण एवढा वेळ देता, त्याबद्दल आभार." आमची सगळी वाफ जागच्या जागी निवली. चूक कुणामुळं झाली हे त्यांनी कधीही लिहिलं नाही.

त्यांच्या या सचोटीची किंमत काय पडते, ते मी एकदा जवळून पाहिलं आहे.

ढोकीची राजश्री ही बाईंची अंध विद्यार्थिनी. वडील अंकुशभाऊ साखर कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवतात. एका सरकारी औषध भांडारातल्या नोकरीसाठी तिची संगणकावर परीक्षा होणार होती. तक्त्यातले आकडे ऐकायचे आणि टाइप करायचे. तिथले लॅपटॉप नवे, त्यांवर आमच्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती चालत नव्हती. नवी आवृत्ती परीक्षेच्या जेमतेम आधी येणार, म्हणून आम्ही सगळे खुशीत होतो. चाचणीसाठी आलेल्या प्रतीवर सराव करायला राजश्री आणि अंकुशभाऊ मुद्दाम मुरुमला आले होते.

सराव चालू असताना लाईट गेली. आमच्याकडं त्याची काय नवलाई! लॅपटॉप बॅटरीवर गेला, प्रोग्रामनं तसं बोलून सांगितलं, राजश्री पुढं वाचू लागली आणि बाईंच्या कपाळावर आठी पडली. पडद्यावरचा कर्सर तक्त्यातल्या एका आकड्यावर होता, आवाज मात्र त्याच्या आधीच्या घरातला आकडा सांगत होता. लाईट आल्यावर बाईंनी स्वतः पुन्हा पुन्हा प्लग काढून पाहिला. दर वेळी तेच. ज्या शहरांत प्रोग्राम तपासला गेला, तिथं लाईट जात नसावी.

ही चूक कळवली की आवृत्ती लांबणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. अंकुशभाऊ हात जोडून म्हणाले, "बाई, पोरीचं एवढं हू द्या. परीक्षा झाली की लिवा की मग. तिथं जनरेटर हाय म्हणत्यात."

"भाऊ, लाईट गेलीच तर तिच्या कानावर चुकीचा आकडा पडेल. ती ऐकलं तेच लिहील. लोक म्हणतील, आंधळ्या पोरीला जमत नाही. आणि ही आवृत्ती एकट्या राजश्रीची नाही."

"आन् वरीस गेलं तर? तुमचं काय जातंय, बाई?"

बोलली ती राजश्री. "आबा, आवाज चुकीचं सांगतोय हे ठावं असून कान कसा देऊ? बाई, पाठवा तुम्ही."

बाईंनी पाठवलं. आवृत्ती थांबली. परीक्षेत राजश्रीला आकडे वाचून दाखवायला एक माणूस मिळाला. पण त्याच्या वेगात तिचं काम पूर्ण झालं नाही आणि नोकरी हुकली. बाई तिच्यासोबत गेल्या होत्या. परतल्यावर मला म्हणाल्या, "तिचं वर्ष माझ्यामुळं गेलं. हे मला नाकारता यायचं नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं.

त्यानंतर सुट्ट्यांमध्ये त्यांनी राजश्रीला आपल्या घरी ठेवून सराव करून घेतला. अंकुशभाऊ तिला दारापर्यंत सोडत, पण उंबरा ओलांडत नसत. पुढच्या वर्षी, दुरुस्त झालेल्या आवृत्तीवर, ती उत्तीर्ण झाली. पेढे द्यायला आलेले अंकुशभाऊ दारातूनच म्हणाले, "गेल्या साली परीक्षेला लाईट गेली नव्हती, बाई. औंदा बी न्हाय."

"माहीत आहे, भाऊ," एवढंच बाई म्हणाल्या. त्यांची बाजू मांडल्याशिवाय मला तर राहवत नव्हतं.

बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, आमच्या अर्धवट कामावर त्यांची करडी नजर अशीच राहो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी दोन शब्द मागायला मी ढोकीला अंकुशभाऊंकडंही गेलो. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं देतो:

"पोरीच्या हापिसात दुपारची लाईट जाती. ती दवाखान्यांच्या औषधांचे आकडे वाचत बसलेली असती. तिच्या हातनं कुठल्या दवाखान्याला चुकीचं औषध गेलं न्हाय. त्या वर्साचं माझ्या मनात लई दिवस होतं, आता न्हाय. बाईला म्हणावं, लई वर्सं जगा."