ओलं गोणपाट

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मीरा रोडला पूनम सागरच्या बाजूला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं नर्सिंग होम होतं. आठ खाटा, एक ऑपरेशन थिएटर, एक डॉक्टर आणि मी. डिप्लोमा घेतलेली सिस्टर मी एकटीच. बाकीच्या दोन मुली डॉक्टरांच्या हाताखाली तयार झालेल्या.

आमचं कुटुंब मराठवाड्यातून आलेलं. वडील म्हणायचे, "आपल्याकडे ना जमीन ना जुमला. शिक्षण तेवढं आपलं. ते कुणी काढून घेऊ शकत नाही." माझा डिप्लोमा त्यांनी फ्रेम करून बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला होता. आल्यागेल्याला आधी तो दाखवायचे, मग चहा.

त्या वर्षी डॉक्टरांनी शेजारचे दोन फ्लॅट घेतले. मधली भिंत फोडायची, नवं थिएटर आणि मोठा वॉर्ड करायचा. पण तोवर जुनं थिएटर बंद ठेवणं शक्य नव्हतं. बाळंतपणं काही थांबत नाहीत. तेव्हा एकीकडे घण चालू आणि दुसरीकडे टाके, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी सगळीकडे पांढरी धूळ झाली. खाटांवर, औषधांच्या बाटल्यांवर, माझ्या टोपीवर. संध्याकाळी मी थिएटर कार्बोलिकने दोनदा पुसून घेतलं, दाराच्या फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि फॉर्मेलिनचा धूर दिला. जसं शिकले होते तसं. सकाळी डॉक्टरांनी ऑपरेशनच्या दिव्यावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"पुन्हा फ्युमिगेशन करते," मी म्हणाले.

"रोज कराल, पण रोज भिंत फुटणार. जखमेत ही धूळ गेली तर काय होईल, तुम्हाला वेगळं सांगायला नको."

दाराशी पोछा घेऊन आमच्या मावशी उभ्या होत्या. जवळच्या राई गावाहून यायच्या. पन्नाशीच्या, विधवा. सासरची भातशेती आणि लहानपणापासूनचं मिठागरावरचं काम, असं आयुष्य काढून आमच्याकडे आया म्हणून लागलेल्या. सही करता येत नव्हती, आकडे तेवढे वाचायच्या. त्या म्हणाल्या, "डाक्टर, आधी वारा बघा ना. पुसताय काय नुसतं?"

त्यांनी देवाच्या फोटोपुढची अगरबत्ती उचलून आणली आणि थिएटरच्या दाराखाली फटीशी धरली. धुराची रेघ सरळ आत गेली.

"बघा. वारा हतं येतो. तं धूल बी हतंच येनार. तो तिकडं न्याला पायजे."

डॉक्टर उकिडवे बसले आणि त्या धुराकडे बघत राहिले. मग हसायलाच लागले. "सिस्टर, बघितलंत? हवा उलटी खेचली पाहिजे!"

मी बघितलं होतं. मला ते पुस्तकातही कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं, आणि त्यानेच जास्त झोंबलं.

त्याच दुपारी डॉक्टरांनी तोडकामाच्या बाजूच्या खिडकीत मोठा एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. मधल्या वाटेवर मावशींनी गोणपाटाचे दोन पडदे लावले, एकामागे एक, आणि ते दिवसातून चारदा पाण्याने भिजवायच्या. मलबा ओला करून, गोणीत भरून, मागच्या जिन्याने खाली. गवंड्यांनी वॉर्डाच्या बाजूला यायचं नाही. पुन्हा अगरबत्ती धरली, तेव्हा धूर बाहेर गेला. दिव्यावर बोट फिरवलं, बोट स्वच्छ.

तेव्हापासून डॉक्टर आले की पहिला प्रश्न, "मावशी, आज वारा कसा आहे?" मला नंतर विचारायचे, पेशंटबद्दल. पाहुणे डॉक्टर आले की त्यांना ते पडदे दाखवायचे. "आमच्या मावशींची आयडिया." मी शेजारी ट्रे धरून उभी. माहेरी गेले तेव्हा वडिलांनी विचारलं, "काय चाललंय कामावर?" तर मी म्हणाले, "काही नाही, धूळ."

मी मावशींच्या चुका शोधायला लागले. बादली वाटेत ठेवली, पदर खोचला नाही, पेशंटशी फार बोलल्या. त्या मुकाट्याने ऐकायच्या. त्याचाही मला राग यायचा.

मग त्यांच्या पुतणीची हळद आली आणि त्यांनी एक दिवस सुटी घेतली. जाताना मला दोनदा सांगून गेल्या, "सिस्टर, गोनपाट सुकवू नका हां."

"मला कळतं," मी म्हणाले.

त्या मंगळवारी सकाळी सिझेरियन होतं. नया नगरमधली बाई, नवरा शिलाईकाम करणारा. पाण्याचा टँकर आला नव्हता. मीरा रोडला तेव्हा ते नेहमीचंच. आमच्याकडे तीन बादल्या उरल्या होत्या. त्यातली एक मी पडद्यांना देऊ शकले असते. मी तिन्ही थिएटरसाठी ठेवल्या आणि मनाशी म्हटलं, एक दिवस सुके राहिले म्हणून काय बिघडतं? त्यात मुकादम आला. मागच्या जिन्यावर टाकीचं काम चाललं होतं.

"सिस्टर, चार गोणी फक्त. इधर से निकालता हूँ. पाँच मिनट का काम है."

मी हो म्हणाले. पाच मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. सुके पडदे दर वेळी फडफडत होते. आत टाके घालणं चालू होतं.

मला वेळ नव्हता, पाणी नव्हतं, हे खरं आहे. पण मावशी नसल्या तरी इथलं काही अडत नाही, हे मला डॉक्टरांना दाखवायचं होतं, हेही तितकंच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मावशी हळदीच्या हातांनीच कामावर आल्या. पॅसेजच्या भिंतीवर सिमेंटचे पंजे उमटले होते. त्यांनी ते पुसले, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सिस्टर, काल मलबा हतून गेला काय?"

"तू मला शिकवणार का?" मी ओरडले. त्यांना 'तू' मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. मावशींनी बादली उचलली आणि गेल्या.

चौथ्या दिवशी त्या बाईला ताप भरला. टाके लाल झाले, मग एका बाजूने पू यायला लागला. डॉक्टरांनी दोन टाके मोकळे केले. "मंगळवारी काही वेगळं झालं होतं का?" त्यांनी विचारलं.

"पाणी नव्हतं," मी म्हणाले. ते मान हलवून पुढे गेले.

ड्रेसिंग माझ्याकडे होतं. रोज सकाळी ती जखम उघडायची, धुवायची, भरायची. बाई दात आवळून पडून राहायची. झालं की माझा हात धरायची. "सिस्टर, आप न होतीं तो मेरा क्या होता!" बाळाला पाजताना ती कण्हायची, ते मला पॅसेजपर्यंत ऐकू यायचं. आठव्या दिवशी तिने नवऱ्याकडून माझ्यासाठी शिवलेली पिशवी आणवली. निळ्या कापडाची, आतून अस्तर लावलेली. ती हातात घेतली आणि मला तिच्यापुढे उभं राहवेना.

मी तशीच डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. पडदे, गोण्या, पाऊण तास. का केलं, तेही.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "जखम त्यानेच पिकली, हे मी सांगू शकत नाही. तुम्हीही नाही. पण त्याने नाही, हेही कुणी सांगू शकत नाही." मग म्हणाले, "काम संपेपर्यंत तिकडच्या बाजूचं सगळं मावशी ठरवतील. मुकादम त्यांना विचारेल. तुम्हीसुद्धा विचारायचं."

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. काही वाटलं नाही. मी शिक्षेला लायक होते, हे पटत होतं, आणि तरी मावशींसमोर उभं राहून "आज अकराला केस आहे, घण थांबवाल का?" असं विचारताना माझे कान तापायचे. त्यांनी कधी टोमणा मारला नाही. "थांबवते ना," म्हणायच्या, आणि मुकादमाला हाक मारायच्या. त्याही हाकेचा मला हेवा वाटायचा. माझं कोण असं ऐकत होतं?

मी त्यांची माफी मागितली, तीही पंधरा दिवसांनी, कपडे वाळत घालताना, त्यांच्याकडे न बघता. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. बाई बरी झाली ना?" बाई बरी झाली होती. उशिरा, पण बाळाला घेऊन चालत घरी गेली.

नवं थिएटर पावसाळ्याआधी सुरू झालं. त्यानंतर एक दिवस मावशी म्हणाल्या, "सिस्टर, मना बीपी बघाला शिकवाल?"

"उद्या," मी म्हणाले. असे पुष्कळ उद्या गेले. एवढी एक गोष्ट माझ्याकडे होती आणि ती द्यायला मन होईना. मग कळलं की त्यांच्या दिराने खाडीजवळची जमीन बिल्डरला दिली, मावशींच्या वाट्याला फ्लॅट येणार, आणि महिनाअखेर त्या काम सोडणार. मी तेव्हा नवऱ्याबरोबर भाड्याच्या एका खोलीत राहत होते. म्हणजे त्याही बाबतीत त्या पुढेच.

त्यांचे चार दिवस उरले होते, तेव्हा दुपारी वॉर्ड शांत असताना मी यंत्र काढलं. स्टेथोस्कोप त्यांच्या कानात घातला, पट्टा माझ्याच दंडाला बांधायला लावला. पारा हळूहळू कसा सोडायचा, ठोका कुठे सुरू होतो, कुठे संपतो, दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. मग एकदम उघडले.

"आयकला! ठक ठक येतो ना?"

पहिल्याच झटक्यात. मला शिकताना तीन दिवस लागले होते.

मावशींनी पुन्हा एकदा फुगा दाबला, पुन्हा ऐकलं, आणि पाऱ्याकडे वाकून आकडा वाचला. "सिस्टर, दीडशेच्या वर हाय. तुमाला बरा न्हाय वाटत काय?"

"तुमचं चुकलं असेल," मी म्हणाले, आणि दंड पुढे तसाच ठेवला.

"मंग परत बघते," म्हणून त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.