तेराव्या चालीची बाही

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे टाचणी म्हणत. अंगानं तसाच, शिवाय ओठांत कायम दोन-चार टाचण्या. साधा विचार करायचा झाला तरी गड्याला टाचण्या लागत. वाचनालयातल्या बुद्धिबळाच्या स्पर्धेत तो अकरा वर्षं निवृत्त गुरुजींकडून मार खात आला होता. यंदा बायकोनं बजावलं, "या वेळी हरलात तर तो पट माझा. बटणं निवडायला बरा आहे."

टाचणी हादरला. पेपरात एका ग्रँडमास्टरचा जिंकलेला डाव छापून आला होता, तो पाठ करायचं ठरवलं. पण पेपर हाती येईतो बायकोनं त्यातून कुणाच्या तरी शर्टाच्या बाहीचा मापाचा कागद कापला होता. बारा चाली शिल्लक, पुढं नुसतं भोक.

"कुणाची बाही?"

"दिवसाला दहा कापते. कुठलं लक्षात ठेवू?"

चिंध्यांचं पोतं उपसलं, घर पालथं घातलं. बाही नाही. मग बारा तर बारा, तेवढ्याच घोकल्या.

डावाला बसल्यावर त्यानं मशीनवर टीप मारावी तशा बारा चाली सटासट मारल्या. गुरुजी पुस्तकी माणूस. तेही छापील उत्तरं देत गेले आणि मग थबकले.

"अरे, हा त्या ग्रँडमास्टरचा डाव. मला इथवरच आठवतो. तुला सगळा पाठ आहे?"

तोंडात टाचण्या. टाचणी "हूं" म्हणाला.

तेराव्या चालीला त्यानं अंदाजानं घोडा सरकवला, तो थेट गुरुजींच्या प्याद्याच्या तोंडात. गुरुजी मात्र घोड्याकडं सुरुंगाकडं बघावं तसे बघत बसले. पाऊण तास. चष्मा पुसला, पाणी प्यायले, बोट प्याद्याजवळ नेऊन मागं घेतलं.

"ग्रँडमास्टर फुकट घोडा देत नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. शेवटी म्हणाले, "बरोबरी करू या का?"

"हूं."

घरी बायकोनं निवाडा दिला, "बरोबरी म्हणजे अर्धा पट माझा." आणि चार रांगांवर बटणं मांडलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी गुरुजी अर्धवट शिवलेला शर्ट अंगावर घालून बघायला आले. त्यांच्या मापाचे कागद खिळ्याला टांगलेले होते, डावाची बाजू भिंतीकडं. त्यांनी सहज उलटून पाहिलं. बाहीवर तेरावी चाल होती. उंटाची.

"म्हणजे तो घोडा फुकटचा होता?"

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"होता की. हात वर करा गुरुजी, बगलेत जरा आवळतंय."